झाडं रात्र मोजतात

पालक पुन्हा उठला होता.

"उठला" हा धामणवाडीचा शब्द. जमिनीलगत पानं पसरून गुमान बसायचं सोडून पालकाच्या पोटातून एक ताठ दांडा वर निघतो, पानं अरुंद आणि कडू होतात, शेंड्याला हिरवट फुलांचा बारीक तुरा येतो. मग असल्या पालकाला गिऱ्हाईक तर सोडाच, शेळीसुद्धा नाक मुरडते. पूर्वी तो शिमग्याच्या सुमाराला उठायचा, ऊन चढायला लागलं की. त्याचं कुणाला नवल नव्हतं. पण यंदा ऐन मार्गशीर्षात, दात वाजवणाऱ्या थंडीत, चार पानांचं पोर असतानाच तो उठत होता.

ऋतुजा वाफ्यात बसून ते दांडे मुळासकट उपटत होती आणि एकेकाला शिव्या घालत होती. "मेल्या, दुधाचे दात पडले नाहीत अजून आणि निघालास बोहल्यावर!"

"ऋतुजे, ऊठ आता," अंगणातून मंदाआत्यांची हाक आली. मंदाआत्या म्हणजे तिची सासू. "तिन्हीसांज झाली. झाडं झोपली. हात लावू नये."

"झोपली कुठं, आत्या? वर बघा."

पश्चिमेला सूर्य बुडाला होता आणि आता अंधार पडणार, एवढ्यात आभाळात एक टिकली पेटली. तिच्यामागं दुसरी, मग तिसरी. बघता बघता वाफ्यातल्या ढेकळांना पुन्हा सावल्या फुटल्या, त्याही उलट्या दिशेला. शेवग्यावर चढून बसलेल्या कोंबड्या खाली उतरल्या आणि उकिरडा उकरायला लागल्या.

मंदाआत्या तुळशीपुढं निरांजन घेऊन उभ्या होत्या. दिवा लावलेला होता, पण तो लावलाय हे त्यांच्या बोटाला लागलेल्या चटक्यावरूनच कळत होतं.

"सूर्यापुढं काजवा," त्या पुटपुटल्या. "ज्योत दिसत न्हाई बाई. नुसती वात जळतीया."

आभाळातल्या या टिकल्या म्हणजे आरसे. आता हे आरसे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं.

माळावर सौरऊर्जेचं मोठं पार्क होतं. नजर पुरणार नाही इतकी पॅनेलं. पण शहराला वीज लागते ती नेमकी संध्याकाळी, माणसं घरी येऊन थंड हवेची यंत्रं लावतात तेव्हा, आणि सूर्याला तर तेव्हाच घरी जायची घाई. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की वर, पृथ्वीभोवती आरसे फिरवायचे. कागदाहून पातळ चकचकीत पडदे, मैदानाएवढे. खाली सूर्य बुडाला तरी तेवढ्या उंचीवर ऊन असतंच. ते तिथं पकडायचं आणि पार्कावर सोडायचं. एक आरसा काही मिनिटांत पुढं निघून जातो, म्हणून मागोमाग दुसरा, अशी माळच ओवलेली. मावळतीनंतर दोन तास आणि उजाडायच्या आधी दोन तास.

हिशेब चोख होता. एकच गोष्ट कुणाच्या हातात नव्हती. सूर्य म्हणजे ठिपका नाही, चांगली थाळी आहे. त्यामुळं इतक्या उंचीवरून पाडलेला कवडसा कितीही नेमका धरला तरी खाली येईतो पाच किलोमीटरचं वर्तुळ होतो. पार्क त्या वर्तुळाच्या मधोमध, आणि कडेला धामणवाडी. वर्तुळाला काही गावाची शीव ओळखता येत नाही.

कंपनीनं त्याला 'सुवर्णसंध्या' असं झोकदार नाव दिलं होतं. गाव म्हणायचं, उसना उजेड. पहिल्या वर्षी गंमत वाटली. पोरं जेवणवेळेपर्यंत कबड्डी खेळायची, आणि ऋतुजाचा नवरा इंद्रजीत, जो पार्कात पॅनेलं धुणारी यंत्रं सांभाळायचा, त्याला गावात मान मिळायला लागला. दुसऱ्या वर्षी तूर माणसाच्या डोक्यावर गेली आणि तिला फूलच आलं नाही. शेवंती नुसती पाल्यानं माजली. आणि ज्याच्या जिवावर धामणवाडी जगत होती, तो पालक, मेथी, कोथिंबीर, मुळा, सगळं हातात यायच्या आत फुलायला लागलं. मुळा काढावा तर खाली शेपटी आणि वर शेंगांचे, डिंगऱ्यांचे झुबके.

ऋतुजानं काय करायचं बाकी ठेवलं? पेरणी मागं घेतली, पुढं केली. सावलीची जाळी ताणली, उसाचं पाचट पसरलं, पाणी थोडं थोडं पण रोज दिलं, पानं कोवळी असतानाच खुडली. जो पालक सगळ्यात शेवटी उठेल त्याचंच बी धरायचं, आधी उठलेल्याचं कधी नाही, हा तिच्या आईचा नेम. तोही तिनं डोळ्यांत तेल घालून पाळला. सगळे उपाय खरे होते. उन्हानं, तहानेनं, चुकीच्या बियानं पालक उठत असता तर थांबलाही असता.

खरं कारण सांगितलं ते कृषी महाविद्यालयाच्या नेर्लेकर मॅडमनी, ऋतुजाच्या पत्र्याच्या शेडमध्ये, चहाची बशी हातात धरून.

"तुम्हाला वाटतं झाड दिवस मोजतं," त्या म्हणाल्या. "नाही. झाड रात्र मोजतं. पानात एक रंगद्रव्य असतं, ते उजेडात जागं होतं आणि अंधारात हळूहळू विझतं. ते विझायला किती वेळ मिळाला, त्यावरून झाडाला ऋतू कळतो. रात्र आखूड झाली की पालक समजतो, उन्हाळा आला, आता आपलं मरण आलं. मग पानं शेंड्याला एक निरोप धाडतात. एक प्रथिन असतं तो निरोप म्हणजे. 'पानं बास. फुलं काढ, बी टाक, मोकळा हो.' आणि एकदा निरोप गेला की परत बोलावता येत नाही."

"आणि तूर?"

"तिचं उलटं. तिला लांब रात्र लागते फुलायला. ती अजून वाट बघतेय."

ऋतुजाला का कोण जाणे, त्या तुरीचीच जास्त दया आली. "मॅडम, पण हा उजेड तर दिवसाच्या मानानं काहीच नाही."

"उजेड फार लागतच नाही हो. रस्त्याच्या दिव्याखालचा पालक आधी उठतो, बघितलं नाही कधी? आपल्याला पेपर वाचता येणार नाही एवढ्याशा उजेडातसुद्धा झाड जागं राहतं. बरं, रात्र निम्मी झाली आणि मध्येच उजेड पडला, तर मोजलेलं सगळं वाया. पुन्हा पहिल्यापासून."

गावानं तक्रार केली. प्रकरण ऊर्जा लवादाकडं गेलं. कंपनीचा वकील म्हणाला, पालक उठतो तो हवा तापल्यामुळं आणि तुमच्या बियाण्यामुळं; आरशाचा काय संबंध? तेव्हा नेर्लेकर मॅडमनी उपाय सुचवला आणि तो दोन्हीकडून मान्य झाला. एकाच बियाण्याचे, एकाच मातीचे, एकाच पाण्याचे वाफे. निम्मे उघडे. निम्म्यांवर काळ्या दुहेरी कापडाचा मांडव: सूर्य मावळताना बंद करायचा, सूर्य उगवल्यावर गुंडाळायचा. आत हवा तुंबू नये म्हणून पंखा. मांडवातला पालक बसून राहिला आणि बाहेरचा उठला, तर दोष आरशांचा. मग पालेभाज्यांचे चार महिने आरसे धामणवाडीवरून तिरके करायचे. दोन्हीकडचा उठला, तर तक्रार निकालात आणि पुन्हा अर्ज नाही.

मांडव ऋतुजाच्या परसात उभा राहिला. अख्ख्या गावाची रात्र आता त्या काळ्या कापडात होती. अट एकच: कंपनीच्या कुणा माणसानं त्यात पाऊल टाकायचं नाही. आणि कंपनीचा माणूस तर ऋतुजाच्या घरातच जेवत होता.

"म्हणजे मी माझ्या परसात जायचं नाही?" इंद्रजीत म्हणाला.

"मांडवात नाही."

"आणि तू जिंकलीस तर माझी नोकरी?"

"आरसे तिरके होतील, इंद्रा. पार्क कुठं बंद होतंय? दिवसाचं ऊन आहेच की."

"संध्याकाळची पाळी बंद होते. मी संध्याकाळच्या पाळीला आहे." मग तो जरा हसला. शाळेपासूनचं ते हसू, त्याच्यावरच ती भाळली होती. "जा, जिंक. रात्र मलाही पाहिजे. पण मला या भानगडीत ओढू नकोस. मी इकडचा नाही आणि तिकडचा नाही."

गावात असं मध्ये उभं राहायला जागा नसते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मग रोजचा पाठ सुरू झाला. सूर्य टेकला की ऋतुजा मांडवाची कापडं सोडायची, कडांवर विटा ठेवायची, दाराची दुहेरी झडप बंद करायची आणि रस्त्याकडच्या शेडमध्ये उरल्यासुरल्या मालाच्या जुड्या बांधायला जायची; गाडी सकाळी लवकर यायची. मंदाआत्या सुरुवातीला परसात घुटमळायच्या.

"आत आता अंधार असंल न्हाई गं?" त्यांनी एकदा विचारलं.

"मिट्ट. डोळ्यात बोट घातलं तरी कळणार नाही."

"पयल्यासारखा?"

"पहिल्यासारखा."

आत्या किती तरी वेळ त्या काळ्या कापडाकडं बघत राहिल्या. तुळशीपुढच्या दिव्याची त्यांची कुरकुर त्यानंतर थांबली. संध्याकाळी त्या घरात दिसेनाशा झाल्या. मारुतीच्या देवळात भजनाला जातात, असं ऋतुजानं धरलं. तेवढीच म्हातारीची करमणूक. चेहराही जरा टवटवीत झाला होता त्यांचा.

उघड्या वाफ्यातला पालक ठरल्याप्रमाणं उठला. मांडवातला बसून होता. रुंद, गार, काळपट हिरव्या पानांचा. ऋतुजा रोज सकाळी त्याच्यावरून नजर फिरवायची आणि तिला भरून यायचं. गाव येऊन बघून जायचं. घार्गे सरपंच तर म्हणाले, "पोरी, आरसे तिरके झाले की पहिल्या अंधाराला तुझ्या हातानं नारळ फोडू."

तपासणी आठवड्यावर आली आणि एका सकाळी मांडवातल्या पालकात तिला एक दांडा दिसला.

एकच. ती वाकली. शेजारच्या रोपाची पानं बाजूला केली तर त्याच्याही पोटात बारीक टोक होतं. त्याच्या शेजारच्याही.

"उजेड जातोय कुठून तरी," नेर्लेकर मॅडम फोनवर म्हणाल्या. "फटी शोधा."

भर दुपारी कापडं सोडून ऋतुजा आत जाऊन बसली. बाहेर टळटळीत ऊन, आणि आत सुईच्या टोकाएवढासुद्धा उजेड नव्हता. कापडाचा दोष नव्हता.

"मग कुणीतरी उघडत असेल," मॅडम हळूच म्हणाल्या. "पण आता राखण करून उपयोग नाही, ऋतुजाताई. निरोप गेलाय."

तपासणीच्या दिवशी लवादाचा अधिकारी आला, कंपनीचा वकील आला, गाव तर होतंच. अधिकाऱ्यानं उठलेली रोपं मोजली. निम्म्याहून जास्त. त्यानं चष्मा पुसला, खरोखरच वाईट वाटल्यासारखं तोंड केलं आणि सांगितलं, दोन्हीकडचा उठला आहे. वकिलानं फाईल मिटली.

तेवढ्यात घार्गे सरपंचांचा पाय पंख्याजवळ कशाला तरी लागला. त्यांनी वाकून उचललं. नट आवळायचा पाना होता, पिवळ्या मुठीचा. असले पिवळ्या मुठीचे पाने पार्कातच मिळत.

सगळ्यांच्या माना वळल्या. इंद्रजीत कुंपणापाशी उभा होता, अटीप्रमाणं बाहेर.

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," सरपंच म्हणाले.

"पंखा अडकला होता," इंद्रजीत म्हणाला. "ऋतुजा बाजाराला गेली होती. बंद राहिला असता तर आत गदगदलं असतं आणि या वकिलांनी म्हटलं असतं उष्म्यानं उठला. म्हणून मी दुपारी, भर दुपारी जाऊन—"

"दुपारी गेलास, मग संध्याकाळी का नसशील गेला?" कुणीतरी म्हणालं.

त्यानं कुणाकडं बघितलं नाही, फक्त ऋतुजाकडं बघितलं. तिनं नुसतं "तो खरं बोलतोय" एवढं म्हटलं असतं तरी पुष्कळ झालं असतं. पण ऋतुजाच्या डोळ्यांपुढं ते दांडे होते. एवढे दिवस जपलेलं सगळं मातीत गेलं होतं आणि कुणाचा तरी गळा धरल्याशिवाय तिला श्वास घेता येत नव्हता. सरपंचांच्या हातातला पाना तिनं घेतला आणि त्याच्यापुढं धरला.

"संध्याकाळची पाळी वाचली तुझी," ती म्हणाली. "घे. तुझी वस्तू."

मंदाआत्या पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. इंद्रजीतनं पाना घेतला नाही. त्या दिवसापासून गावानं त्याच्याशी बोलणं टाकलं. किराणावाला त्याला बघून फळी ओढायचा. घरात ऋतुजा ताट वाढायची आणि उठून जायची. मग एका सकाळी त्यानं बॅग भरली. वाळवंटातल्या दुसऱ्या पार्कात माणसं हवी होती. आईच्या पाया पडला. ऋतुजापाशी क्षणभर थांबला, तिनं मान वर केली नाही, आणि तो गेला.

लवादाचा निकाल आला तो वाईट होताच, पण त्याच्या शेपटीला आणखी एक ओळ होती: आरशांची संख्या वाढवायला हरकत नाही. लोक जमिनी सोडून निघायच्या गोष्टी बोलायला लागले.

तोवर सवयीनं रोज कापडं सोडणाऱ्या ऋतुजानं आता मांडव काढायला घेतला. आधी पालक उपटायचा, मग कापड. पालक आता गुडघाभर झाला होता, पिवळट, तुरे काढून माजलेला. ती कडेकडेनं उपटत आत सरकत होती आणि तिच्या लक्षात आलं की कडेला काम फारसं नाही. कडेचा पालक बसलेला होता. अगदी शहाण्या पोरासारखा, पानं पसरून. जसजशी ती मधल्या पायवाटेकडं सरकली तसतसे दांडे वाढत गेले, आणि मधोमध सगळ्यात उंच.

तिचा हात थांबला.

कुणी कापड वर केलं असतं, दाराची झडप उघडी टाकली असती, तर आधी उठला असता कडेचा. दारातला. उजेड बाहेरून आला असता तर मधला पालक झोपून राहिला असता. पण इथं मधला जागा होता आणि कडेचा झोपलेला.

उजेड बाहेरून आलाच नव्हता.

पायवाटेत मधोमध एक वीट होती. ती तिथं आहे हे तिनं रोज बघितलं होतं. कडांवर ठेवायच्या विटांतली राहिली असेल, असंच वाटलं होतं. तिनं ती उलटी केली. खालच्या अंगाला तेलाचा काळा डाग होता, त्यात अर्धी जळलेली वात चिकटली होती, आणि बाजूला कुंकवाचं बोट. तिनं वर हात करून कापड चाचपलं. काळ्यावर काळं काही दिसत नव्हतं, पण हात खाली घेतला तेव्हा बोटं काजळीनं भरली होती. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात. इथं दिव्याखाली पालक होता.

ती तशीच घरात आली. मंदाआत्या सोप्यात बसून कापसाच्या वाती वळत होत्या.

"आत्या," तिनं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मांडवात तुम्ही दिवा लावत होता?"

आत्यांचा चेहरा उजळला. "तुला कळलं व्हय! मी म्हणत हुते, यश आलं की सांगू. कसली भजनं अन् कसलं काय. तू झडप लावून गेलीस की मी पंचारती घेऊन आत जायची. पाच वाती. तेल सरंस्तवर बसायची." त्यांनी हातातली वात मांडीवर ठेवली. "ऋतुजे, दिव्याला अंधार लागतो बाई. अख्ख्या गावात तेवढाच खरा अंधार उरला हुता. आत दिवा लावला आन् ज्योत अशी दिसली, अशी दिसली म्हणून सांगू! डोळ्याला पाणी आलं माझ्या. रोज म्हणायची, नारायणा, ह्या लेकराच्या मांडवाला यश दे. माझ्या इंद्राची नोकरी राहू दे. आमची रात आम्हाला परत दे."

ऋतुजानं काजळीनं भरलेली बोटं मुठीत मिटली.

"आन् पानाला हात लावला न्हाई हो एकासुद्धा," आत्या घाईनं म्हणाल्या. "तिन्हीसांजंचं झोपल्यालं असतं. मी पदर आवरून बसायची."

तिला ओरडावंसं वाटलं. त्या कापसाच्या सगळ्या वाती चुलीत घालाव्यात, म्हातारीला दंडाला धरून वाफ्यात न्यावं आणि दाखवावं, बघा, हे बघा तुमचं यश. मग तिला आत्यांची बोटं दिसली. एवढ्या वर्षांच्या वाती वळून पुढची दोन बोटं गुळगुळीत झाली होती. आणि तिला दुसरंही कळलं: हे आज हिला कळलं, तर ही उद्यापासून दिवा लावणार नाही, आणि फार दिवस जगणारही नाही.

"हात नाही लावलात ना," ती म्हणाली. "बरं केलंत."

"इंद्राला फोन लाव की," आत्या म्हणाल्या. "लई दिस झाले आवाज ऐकून. मोठ्यानं बोलता येतं तसा लाव."

ऋतुजानं फोन स्पीकरवर लावून दोघींच्या मध्ये ठेवला. तिकडं वारा घोंघावत होता. आत्यांनी जेवलास का, झोपतोस का, सगळं विचारून घेतलं. मग त्यांनी ऋतुजाला कोपरानं ढोसलं, बोल की.

"इंद्रा," ती म्हणाली. "तू नव्हतास. मला कळलंय."

मग तो म्हणाला, "मग कोण होतं?"

आत्या वात वळता वळता तिच्याकडं बघत होत्या. त्यांनाही ऐकायचं होतं, आपल्या लेकावर आळ आणणारा तो मेला कोण.

"मी," ऋतुजा म्हणाली. "मीच जायचे. रोज. बॅटरी घेऊन. नीट झोपलेत का बघायला."

"तू?" तो म्हणाला. "सगळं ठाऊक असून? त्या मॅडमनी एवढं शिकवून?"

"राहवलं नाही."

"राहवलं नाही." त्याचा आवाज हळूहळू चढला. "माझ्या तोंडावर दुकानाची फळी ओढली त्यांनी, ऋतुजा. माझ्याबरोबर शाळेत गेलेल्यांनी. तू सगळ्या गावापुढं तो पाना माझ्या तोंडासमोर धरलास. माझी आई तिथं उभी होती!"

"हो."

"नुसतं 'हो'?"

तिला पुष्कळ सांगायचं होतं. खरं काय ते चार शब्दांत सांगता आलं असतं आणि तो सकाळच्या गाडीत बसला असता. ते चार शब्द तिच्या शेजारी बसून वाती वळत होते.

"मला माफ कर," ती म्हणाली.

"मी येत नाही आता," इंद्रजीत म्हणाला. "आईला पैसे धाडत जाईन. तू फोन करू नकोस." आणि फोन बंद झाला.

उद्या चौकात जाऊन हेच पुन्हा सांगावं लागणार होतं, सरपंचांपुढं, सगळ्यांपुढं, त्याचं नाव धुऊन निघायचं तर. गाव तिला काय म्हणेल ते तिला पाठ होतं. ती जमिनीकडं बघत बसली आणि मग डोक्यावर एक हात आला. हलका, तेलाचा वास येणारा.

"अगं पोरी," आत्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, कीव होती. "एवढी शिकल्याली तू. झोपल्याल्या झाडापुढं बॅटरी न्यावी का गं?"

"चुकलं, आत्या."

"कवा जायचीस? मला कशी दिसली न्हाईस?"

"तुम्ही उठून गेल्यावर."

"मला सांगायचं हुतंस. मी रोज तिथंच हुते की. मी बघितलं असतं तुझ्या पालकाकडं." आत्यांनी सुस्कारा सोडला. "दिव्याचं येगळं असतं. दिव्यानं कुणाची झोप मोडत न्हाई. पण बॅटरी म्हंजी... जाऊ दे. हुतं माणसाच्या हातनं."

बाहेर सूर्य बुडाला होता. सोप्याच्या दारातून पांढरा उजेड आत आला आणि आत्यांच्या पायापाशी नवी सावली पडली. त्यांनी वाती गोळा केल्या, पंचारती उचलली आणि दारातच थबकल्या.

"मांडव मोडायला घेतलास न्हाई का," त्या म्हणाल्या. "आता कुठं लावू गं?"

ऋतुजा उठली. परसात जाऊन तिनं काळ्या कापडाचा एक तुकडा फाडून आणला, स्वयंपाकघराच्या खिडकीवर ठोकला, दुसरा दारावर सोडला आणि खालच्या फटीत गोणपाट कोंबलं. मिट्ट काळोख झाला. आत्यांनी चाचपडत काडी ओढली, पाचही वाती पेटल्या, आणि देव्हाऱ्यापुढं ज्योत खरोखरच फार सुंदर दिसली.

आत्यांनी डोळे मिटून हात जोडले.

"नारायणा," त्या म्हणाल्या, "पोर अजाण हाय. तिच्या हातनं गावाची रात गेली. तिला क्षमा कर."

शेजारी उभं राहून ऋतुजानंही हात जोडले.